पाणी क्षेत्रातल्या संघटना आपल्या स्थानिक शाखांचा गौरव का करतात?

२० ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या टेकड्यांवर वणवा भडकला. आजूबाजूच्या शहरांचे बंब मदतीला धावले. पण तिथे एक साधीच अडचण उभी राहिली. ओकलंडमधल्या हायड्रंटचं तोंड ३ इंचांचं होतं आणि बाहेरून आलेल्या बंबांचे पाइप अडीच इंचांचे. त्यातच वीज गेल्याने पंप थांबले आणि टेकडीवरच्या टाक्या रिकाम्या होत गेल्या. या आगीत २५ जणांचा मृत्यू झाला आणि जवळपास ३ हजार घरं जळाली.

शेजारच्या शहरांच्या यंत्रणांनी एकमेकींना आधीच ओळखणं का गरजेचं असतं, हे या घटनेने दाखवून दिलं. पाणी क्षेत्रातल्या व्यावसायिक संघटनांच्या स्थानिक शाखा ही ओळख घडवण्याचं काम करतात.

ही संघटना कोणती?

या क्षेत्रातल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या संघटनांपैकी एक म्हणजे अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशन. मार्च १८८१ मध्ये सेंट लुईस शहरात २२ जणांनी एकत्र येऊन ती स्थापन केली. आज तिचे सुमारे ५० हजार सदस्य आहेत. त्यात अभियंते, रसायनतज्ज्ञ, जलशुद्धीकरण केंद्रावरचे कर्मचारी, अधिकारी आणि यंत्रसामग्री बनवणारे असे सगळे येतात. पाइप, व्हॉल्व्ह, टाक्या, रसायनं यांची मानकं ठरवणं हे संघटनेचं एक महत्त्वाचं काम. तिचं पहिलं मानक १९०८ मध्ये आलं.

ही संघटना सरकारी नाही. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याचे नियम पर्यावरण संरक्षण संस्था ठरवते आणि बहुतेक ठिकाणी त्यांची अंमलबजावणी राज्य सरकारं करतात.

शाखेला मान्यता म्हणजे काय?

संघटनेच्या ४३ शाखा आहेत. काही एकाच राज्यापुरत्या, तर काही अनेक राज्यांच्या किंवा प्रांतांच्या. कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांची मिळून एक शाखा आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतांचीही एक आहे.

मान्यता मिळालेल्या शाखेला ठरलेला भूभाग मिळतो. तिचे पदाधिकारी तिचेच सदस्य निवडतात, तिची स्वतःची परिषद आणि स्वतःचे कार्यक्रम असतात. संघटनेचं सदस्यत्व घेतलं की ती व्यक्ती आपोआप आपल्या भागातल्या शाखेचीही सदस्य होते. शाखेचं बरंचसं काम सदस्य आपली नोकरी सांभाळून, मोबदला न घेता करतात.

शाखा नेमकं काय करतात?

अमेरिकेत वस्त्यांना पाणी पुरवणाऱ्या सुमारे ५० हजार यंत्रणा आहेत आणि त्यातल्या बहुतेक छोट्या आहेत. अनेक गावांत पंप, क्लोरीन आणि गळती हे सगळं एक-दोन माणसंच सांभाळतात. अशा कर्मचाऱ्यांना राज्याचा परवाना लागतो आणि तो टिकवायचा तर ठरावीक तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. राष्ट्रीय परिषदेला जाणं त्यांना परवडत नाही, तेवढे दिवस गाव सोडताही येत नाही. शाखेने जवळच्या शहरात भरवलेला एका दिवसाचा वर्ग त्यांना गाठता येतो.

दुसरं काम आपत्तीतल्या मदतीचं. ओकलंडच्या आगीनंतर कॅलिफोर्नियातल्या पाणी यंत्रणांनी परस्पर मदतीचं जाळं उभारलं. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळ आलं आणि त्यानंतर प्रत्येक राज्यात असं जाळं असावं, असा आग्रह संघटनेने धरला. ते उभारायला अनेक ठिकाणी शाखांनी हातभार लावला. जनरेटर, सुटे भाग आणि माणसं कोण पाठवणार, खर्च कोण देणार, हे संकटाच्या आधीच कागदावर ठरलेलं असतं.

काही कामं हलकीफुलकीही असतात. शाखा नळाच्या पाण्याच्या चवीची स्पर्धा घेतात आणि विजेतं शहर संघटनेच्या वार्षिक परिषदेतल्या अंतिम फेरीत उतरतं.

गौरव कसा होतो?

यासाठी दोन वाटा आहेत. पहिली थेट शाखेसाठी आहे. प्रशिक्षण आणि सदस्यवाढ यांसारख्या कामांसाठी शाखांना पुरस्कार दिले जातात.

दुसरी वाट शाखेतल्या माणसांसाठी आहे. १९३७ पासून दिला जाणारा जॉर्ज वॉरेन फुलर पुरस्कार हे तिचं ठळक उदाहरण. यात प्रत्येक शाखा आपल्यातला मानकरी स्वतः निवडते आणि वार्षिक परिषदेत त्याचा सन्मान होतो. फुलर यांनी १९०८ मध्ये जर्सी सिटीच्या पाण्यासाठी क्लोरीनची यंत्रणा आखली होती. डॉ. जॉन लील यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. अमेरिकेत शहराच्या पाण्यात क्लोरीनचा नियमित वापर रुजला तो या प्रयोगानंतर.

त्याने काय साधतं आणि काय नाही?

नळाला पाणी नीट येत असेल तर ते पुरवणाऱ्याची आठवण कुणाला होत नाही. पाणी बिघडलं की मात्र लगेच होते. अशा कामात वर्षानुवर्षं विनामोबदला वेळ देणाऱ्यांना आपल्याच क्षेत्रातल्या लोकांनी शाबासकी दिली, तर पुढची पिढी यायला मदत होते.

यात एक धोकाही आहे. किती बैठका झाल्या, किती सदस्य वाढले, हे मोजणं सोपं असतं. दूरच्या गावातल्या एकट्या पंपचालकाला अडचणीच्या वेळी फोन करायला एक नंबर मिळाला, हे कोणत्याच तक्त्यात बसत नाही. फक्त आकडे पाहिले तर मोठ्या शहरांच्या शाखाच पुढे दिसतील.

आणखी एक गोष्ट नागरिकांनी लक्षात ठेवायला हवी. शाखेला किंवा तिच्या सदस्याला मिळालेला पुरस्कार हा पाण्याच्या शुद्धतेचा दाखला नसतो. चवीच्या स्पर्धेतला विजयही नसतो. त्यासाठी अमेरिकेतल्या प्रत्येक वस्तीच्या पाणी यंत्रणेला दरवर्षी १ जुलैपर्यंत गुणवत्ता अहवाल ग्राहकांना द्यावा लागतो. पाण्यात काय सापडलं, हे त्यातूनच कळतं.

भारतात अशी संघटना आहे का?

आहे. इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशन १९६८ मध्ये स्थापन झाली. तिचं मुख्यालय मुंबईत आहे आणि तिच्या शाखांना ‘केंद्र’ म्हणतात. तिचं वार्षिक अधिवेशन वेगवेगळ्या शहरांत भरतं.

अशा केंद्राचं काम कसं चाललंय हे पाहायचं असेल, तर सत्कार समारंभाच्या फोटोंपेक्षा दोन प्रश्न जास्त उपयोगी पडतील. जवळच्या छोट्या नगरपरिषदेचा पंपचालक किंवा व्हॉल्व्हमन तिथे शिकायला येतो का? आणि शेजारच्या शहराची मुख्य जलवाहिनी फुटली, तर मदतीला कोणाला फोन करायचा हे आधीच ठरलेलं आहे का?