हरिहरेश्वरचा कातळ

ज्वालामुखी म्हटला म्हणजे डोळ्यांपुढें येतो तो निमुळत्या शिखराचा, माथ्यावर द्रोणासारखा खळगा असलेला, धूर ओकणारा पर्वत. शाळेच्या पुस्तकांत व्हेसुव्हियसचें चित्र पाहिलेल्या मुलाला, दोन दिवसांच्या सहलींत ज्वालामुखी आणि समुद्र हीं दोन्ही दाखवितों असें वडिलांनीं कबूल केलें आणि मोटार मुंबईहून निघाली, म्हणजे पेण येण्यापूर्वींच "बाबा, त्या डोंगराचें तोंड कोठें आहे?" हा प्रश्न तयार असतो. याचें खरें उत्तर असें कीं, तसा डोंगर येथें नाहींच. मोटार ज्या रस्त्यावरून चालली आहे तो सारा प्रदेशच त्या ज्वालामुखीचें काम आहे.

सुमारें 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीं येथील भुई लांबच लांब चिरली. त्या भेगांतून वर आलेला तप्त रस शिखर रचीत बसला नाहीं. चुलीवरचें दूध उतूं जाऊन पसरावें तसा तो दूरवर पसरला आणि गोठला. त्यावर दुसरा थर आला, त्यावर तिसरा. कांहीं थरांच्या दरम्यान इतका काळ लोटला कीं, मध्यंतरीं माती तयार झाली. तिचे तांबडे पट्टे घाटांत अजून दिसतात. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्या कडा होत. हा काळा कातळ आज सुमारें 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे, आणि सह्याद्रींत त्याची एकूण जाडी कोठें कोठें 2 किलोमीटरांच्या घरांत जाते. कार्ल्याचीं लेणीं कोरलीं गेलीं तीं यांतच.

पनवेल ते पेण या टप्प्यांत डोंगरांकडे जरा निरखून पाहावें. घाटमाथ्यावर जवळजवळ सपाट असलेले थर येथें समुद्राच्या बाजूस कललेले आहेत. त्या उद्रेकांच्या पुढेंमागें भारताची पश्चिम कड ताणली गेली व तुटली. आज सेशेल्स बेटें ज्या भूखंडाच्या तुकड्यावर आहेत तो तुकडा त्याच सुमारास येथून अलग झाला. परशुरामानें बाण सोडून समुद्र मागें हटविला ही कथा आजीला तोंडपाठ असते. भूशास्त्राची कथा उलट दिशेची: जमीन खचली आणि समुद्र आंत आला. दोन्ही कथा मोटारींत ऐकावयास चांगल्या. रस्ता खराब असला तर विशेषच.

वाकणहून पालीकडे वळलें म्हणजे जवळच उन्हेऱ्याचीं ऊन पाण्याचीं कुंडें आहेत. "आग अजून खालीं जळते आहे" असा निष्कर्ष येथें मुलें तत्काळ काढतात, आणि पुष्कळ मोठीं माणसेंहि काढतात. तो बरोबर नाहीं. ती आग केव्हांच निवाली. पावसाचें पाणी कातळाच्या भेगांतून फार खोल उतरतें, पृथ्वीच्या पोटांत सर्वत्र असलेल्या उष्णतेनें तापतें आणि दुसऱ्या भेगेनें वर येतें, इतकाच हा व्यवहार. एवढें समजल्यानें आजीच्या स्नानाचें पुण्य कांहीं उणें होत नाहीं.

माणगांव, म्हसळें, आणि मग श्रीवर्धन. हें भट घराण्यांतील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचें गांव. तेथून हरिहरेश्वर अगदीं जवळ. देवळामागून डोंगर चढून, पुढें कातळाच्या अरुंद चिरेंतील पायऱ्यांनीं प्रदक्षिणेची वाट खालीं समुद्रावर उतरते, आणि या सहलींत जें पाहावयाचें तें येथें पायांखालीं येतें. लाटांनीं डोंगराचा पायथा कापून समोर सपाट ओटा केला आहे. बाजूची भिंत जाळीदार झालेली आहे: मधमाशांच्या पोळ्यासारखीं शेंकडों भोकें, मधल्या भिंती कागदासारख्या पातळ. हें काम लाटांच्या धक्क्याचें नव्हे, मिठाचें आहे. तुषारांचें खारें पाणी दगडाच्या सूक्ष्म रंध्रांत शिरतें, उन्हानें वाळतें, आणि मागें राहिलेल्या मिठाचे स्फटिक वाढतां वाढतां दगडाचा कण न् कण सुटा करतात. एकदां खळगा पडला कीं त्यांत सावली व ओल टिकते, म्हणून तोच अधिक खोल होत जातो. मुलानें बोट घालून पाहावें; बोटाला चिकटेल तें मीठच. रस गोठतांना त्यांत अडकलेल्या वायूच्या पोकळ्याहि या कातळांत असतात. त्या लहान व गोलसर असून पुष्कळदां पांढऱ्या खनिजानें भरलेल्या असतात. दोहोंचा घोटाळा होऊं देऊं नये.

परंतु ही वाट ओहोटीचीच आहे. भरतीचें पाणी ओटा झांकून थेट भिंतीला भिडतें, आणि मग परतावयास जागा उरत नाहीं. येथें माणसें वाहून गेलेलीं आहेत. म्हणून निघण्यापूर्वीं घरांत पंचांग उघडावें. कोंकणचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल तितके वाजतां, दिवसा तसेंच रात्रीं, भरती पूर्ण होते, आणि पुढें सुमारें 6 तासांनीं ओहोटी. चतुर्थीला भरती 3 वाजतां, म्हणजे ओहोटी 9 च्या सुमारास. सकाळच्या प्रदक्षिणेस चतुर्थी-पंचमी म्हणून सोयीची. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारीं येते खरी, पण ते भांगाचे दिवस असल्यानें पाणी फारसें हटत नाहीं. पौर्णिमा-अमावास्येस पाणी पुष्कळ ओसरतें, परंतु पहांटे व तिन्हीसांजेला. शिवाय उधाणाची भरतीहि तितकीच मोठी. हा हिशेब ढोबळ आहे. गांवांतील कोळ्याला विचारावें, आणि तो नको म्हणाला तर वाद घालूं नये. वाट ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधीं धरावी, म्हणजे आजीच्या पावलानेंहि ती भरतीपूर्वीं संपते. पावसाळ्यांत ती धरूंच नये.

उरलेल्या वेळांत बागमांडल्यास जाऊन मोटारीसकट तरींतून सावित्रीची खाडी ओलांडावी. पलीकडे वेसवी, आणि जवळच बाणकोटचा किल्ला. त्याचा दगड तांबडा व सच्छिद्र आहे, तेव्हां मुलगा "हा निराळा दगड" असें म्हणेल. तो जांभा. काळाच कातळ हजारों पावसाळे भिजून कुजला, त्यांतील विरघळणारें तें वाहून गेलें, लोखंड मागें राहून गंजलें, आणि दगड तांबडा झाला. जमिनींत असतांना तो इतका मऊ असतो कीं त्याचे चिरे हत्यारानें तासून काढतां येतात; वारा लागला कीं घट्ट होतो. येथून दक्षिणेकडे घरें, विहिरी आणि गडगे बहुतेक त्याचेच.