सौर प्रकल्पातले छुपे बिघाड

सौर पॅनलमध्ये शॉर्ट सर्किट झाले तरी प्रवाह फारसा वाढत नाही, आणि मोठ्या सौर प्रकल्पांच्या विद्युत संरक्षणातली निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते. घरच्या वायरिंगमध्ये दोन तारा चिकटल्या की प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट उसळतो आणि फ्यूज उडतो. ५५० वॉटचे पॅनल मात्र भर उन्हात १३ अँपिअरच्या आसपास प्रवाह देते. त्याच्या दोन्ही तारा थेट जोडल्या तरी आकडा १४ च्या आसपासच राहतो. एवढ्याशा फरकाने कोणता फ्यूज उडणार? शिवाय ऊन आहे तोवर पॅनल बंद करता येत नाही.

पंचवीस-तीस पॅनलची एक माळ, म्हणजे स्ट्रिंग. तिचा दाब १,५०० व्होल्टपर्यंत जातो. अशा अनेक स्ट्रिंग कॉम्बायनर बॉक्समध्ये समांतर जोडतात. त्यांतली एक बिघडली की धडधाकट स्ट्रिंगचा प्रवाह तिच्यात उलटा शिरतो. फ्यूज बसवतात तो या उलट्या प्रवाहासाठी. म्हणून दोनच स्ट्रिंग असल्या तर तो सहसा लागत नाही. तीन झाल्या की लागतो.

सैल कनेक्टरमधली ठिणगी याहून त्रासदायक. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला विझायची संधी मिळते. पॅनलच्या डीसीत ती संधीच नाही. ठिणगी पेटती राहते आणि प्लास्टिक वितळवते. फ्यूजला तिचा पत्ताही लागत नाही, कारण ठिणगीतून वाहणारा प्रवाह नेहमीपेक्षा कमीच असतो. ती ओळखायची तर प्रवाहातली बारीक खरखर टिपणारे यंत्र लागते.

जमिनीशी होणारी गळती किती फसवी असते, हे ५ एप्रिल २००९ रोजी कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड इथे दिसले. एका मोठ्या दुकानाच्या छपरावरच्या ३८३ किलोवॉटच्या संचाला आग लागली. तिथे डीसीची एक बाजू संरक्षक फ्यूजमधून मुद्दाम अर्थ केलेली होती. त्याच बाजूच्या एका बारीक तारेचे इन्सुलेशन आधीच खराब झाले होते; पण ती तार आणि जमीन यांच्यात दाबाचा फरक जवळजवळ नसल्याने त्या फ्यूजला काहीच कळले नाही. पुढे दुसऱ्या बाजूच्या जाड केबलची गळती सुरू झाली. फ्यूज उडाला, म्हणजे त्याने आपले काम चोख केले. आणि प्रवाहाने त्या आधीच खराब झालेल्या बारीक तारेची वाट धरली. आता बहुतेक मोठ्या प्रकल्पांत इन्व्हर्टर रोज सकाळी सुरू होण्यापूर्वी इन्सुलेशन तपासतो. ही साधी तपासणी फार उपयोगी ठरते.

इन्व्हर्टरच्या पुढे, ट्रान्सफॉर्मर आणि ३३ केव्हीच्या बाजूला, रिले आणि ब्रेकर इतर वीजकेंद्रांसारखेच. आकाशातल्या विजेपासून बचावासाठी सर्ज अरेस्टर आणि चांगले अर्थिंग लागते.

संरक्षण अति हळवे असणेही परवडत नाही. १६ ऑगस्ट २०१६ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियात वणव्यामुळे उच्चदाब वाहिन्यांवर बिघाड झाले. ते काही क्षणांत दूरही झाले. पण सुमारे १,२०० मेगावॉट सौर वीज ग्रिडवरून नाहीशी झाली. बऱ्याच इन्व्हर्टरांनी तरंगातल्या क्षणिक विकृतीवरून वारंवारता घसरल्याचा चुकीचा निष्कर्ष काढला होता. त्यानंतर तिथल्या इन्व्हर्टरांना निर्णयापूर्वी थोडे थांबायला लावले गेले, आणि २०२२ च्या आयईईई २८०० मानकात असे धक्के सोसून ग्रिडला जोडलेले राहण्याची अट आली.