कुंपणाआतली माणसं (भाग ६) : सहलीच्या नावाखाली सुटलेले अकरा जण

जिम जोन्सने माणसं जमवली कशी, हे आपण मागच्या भागात पाहिलं. आज त्यापुढचा, जोन्सटाउनचं नाव निघताच प्रत्येक जण विचारतो तो प्रश्न : एवढी माणसं होती, मग निघून का नाही गेली?

दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात जिम जोन्सच्या 'पीपल्स टेम्पल' या अमेरिकी पंथाची जोन्सटाउन ही वसाहत होती. 18 नोव्हेंबर 1978 रोजी तिथे 909 माणसं मेली, बहुतेक सगळी सायनाइडने. त्यात तीनशेच्या वर मुलं होती. विष आधी मुलांना दिलं गेलं, लहानग्यांच्या तोंडात सिरिंजने सोडलं गेलं, आणि भोवती बंदूकधारी पहारेकरी उभे होते. जगभरच्या वृत्तपत्रांनी याला सामूहिक आत्महत्या म्हटलं. निदान त्या मुलांपुरती तरी ती सरळसरळ हत्या होती, असं माझं मत आहे.

मरणाआधी जोन्सने घेतलेल्या शेवटच्या सभेची सुमारे पाऊण तासाची ध्वनिफीत मागे राहिली. ती ऐकणं सोपं नाही, पण तीत एक बाई बोलते तेवढं तरी ऐकायलाच हवं. तिचं नाव क्रिस्टीन मिलर. साठीची, कृष्णवर्णीय, स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली. जोन्स सगळ्यांना मरायला सांगतोय आणि ही उभी राहून विचारते, रशियाला जायचं ठरलं होतं ना, ते आता जमणार नाही का? मुलांकडे पाहिलं की वाटतं, त्यांना जगू द्यायला हवं, असंही ती म्हणते. आवाज चढवत नाही. जोन्स तिच्याशी वाद घालतो, समजूत काढतो. मात्र तिला गप्प बसवतात ती आजूबाजूची माणसं. एक जण तिला सुनावतो की जोन्स नसता तर तू इथवर आलीच नसतीस. गर्दी ओरडते, तिचा आवाज बुडतो. मेलेल्यांत तीही आहे.

सभेच्या त्या मांडवात मनातून तिच्या बाजूचे किती होते, हे कोणालाच कळलं नाही. जोन्सने वीस-बावीस वर्षांत जे उभं केलं त्याचं सार मला इथे दिसतं. शेजारी बसलेल्याच्या मनात काय आहे, हे कोणालाही कळणार नाही अशी त्याने व्यवस्था लावली होती.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिलेली नाही. जोन्सने 1950 च्या दशकात इंडियानापोलिसमध्ये गोऱ्या-काळ्यांना एका बाकावर बसवणारं चर्च काढलं, तेव्हा लोक आले ते त्या चांगल्या कामासाठी. मोफत जेवण होतं, वृद्धांची सोय होती, व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांना आधार होता. 1965 मध्ये तो शंभरावर अनुयायांना घेऊन कॅलिफोर्नियात गेला. 1976 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी त्याला शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणावर नेमलं. पुढारी ज्याच्या व्यासपीठावर हजेरी लावतात त्याच्यावर सामान्य माणसाने शंका कशी घ्यावी? चमत्कार होतेच. कोंबडीच्या आतड्याचे तुकडे दाखवून कॅन्सर बाहेर काढल्याचं सांगितलं जाई. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते ज्या हातचलाख्या गावोगाव उघड करून दाखवतात त्यांच्यातलीच ही. फक्त चमत्काराला भुलून माणसं राहिली असती, तर ती युक्ती उघडी पडली त्या दिवशीच निघून गेली असती. कित्येकांना ती ठाऊक होती. कामाला लोक जोडायचे तर एवढं चालायचंच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

मग एकेक दोर आवळत गेला. आधी मिळकतीचा भाग, पुढे पगार, घर आणि म्हाताऱ्यांची पेन्शन असं सगळं संस्थेकडे जाऊ लागलं. कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या जात. न केलेले गुन्हे, अगदी स्वतःच्या मुलांवरचे अत्याचारसुद्धा, लिहून कबूल करायला लावत. उद्या कोणी बाहेर पडून बोलू लागला तर त्याचं तोंड बंद करायला तो कागद तयार. सभांमध्ये एकेकाला उभं करून त्याच्या चुकांचा पाढा वाचायचा, आणि वाचणार कोण, तर त्याची बायको, त्याचा मुलगा, त्याचा मित्र. सगळे जोन्सला 'डॅड' म्हणत. घरात नवरा-बायकोत झालेलं बोलणंही डॅडच्या कानावर घालणं ही निष्ठा ठरली. नवऱ्याला सांगावं की आपण निघू या, तर तोच उद्या सभेत उभा राहून ते सांगणार नाही कशावरून?

ऑगस्ट 1977 मध्ये 'न्यू वेस्ट' मासिकात बाहेर पडलेल्या सदस्यांच्या हकिगती छापून आल्या. त्या येणार याची कुणकुण लागताच जोन्स गयानाला निघून गेला आणि पाठोपाठ शेकडो माणसंही गेली. तिथे पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतले, पत्रं वाचली जाऊ लागली, दिवसभर लाऊडस्पीकरवर त्याचा आवाज. मधूनच 'व्हाइट नाइट' पुकारली जाई : शत्रू आले, आता मरायचं. एकदा सगळ्यांना पेय देऊन विष म्हणून प्यायला लावलं आणि नंतर सांगितलं, ही परीक्षा होती.

तरीही काही जण बाहेर पडले. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

डेबोरा लेटन ही पंथाच्या पैशांचे व्यवहार सांभाळणारी, विश्वासातली तरुणी. मे 1978 मध्ये तिला कामासाठी राजधानी जॉर्जटाउनला पाठवलं होतं. तिने अमेरिकी दूतावास गाठला, तातडीचा पासपोर्ट मिळवला आणि विमानात बसली. कॅन्सरने आजारी असलेली आई जोन्सटाउनमध्येच होती. तिचा निरोपही घेता आला नाही. निघाल्याचा वास जरी लागला असता तरी सगळं संपलं असतं. जूनमध्ये तिने शपथपत्र दिलं, त्यात मरणाच्या या तालमींचं वर्णन होतं. सरकारी यंत्रणेने ते पुरेसं मनावर घेतलं नाही.

अमेरिकी काँग्रेसचे सदस्य लिओ रायन यांनी मात्र मनावर घेतलं. सदस्यांच्या चिंतेत पडलेल्या नातेवाइकांसोबत आणि पत्रकारांसह ते 17 नोव्हेंबरला जोन्सटाउनमध्ये पोचले. रात्री नाच-गाणं झालं, सगळे आनंदी दिसत होते. त्याच रात्री एका सदस्याने पत्रकाराच्या हाती चिठ्ठी सरकवली : आम्हाला इथून बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी डझनभराहून जास्त माणसं उघडपणे निघायला तयार झाली. चिठ्ठीच्या आधी निघू इच्छिणारं एकही नाव पुढे आलं नव्हतं. एकाने तोंड उघडल्यावर बाकीच्यांना कळलं की आपण एकटे नाही. परतताना विमानाच्या धावपट्टीवर जोन्सच्या माणसांनी गोळीबार केला. रायन, तीन पत्रकार आणि निघालेल्यांपैकी एक बाई असे पाच जण ठार झाले.

याच 18 तारखेच्या सकाळी, सगळ्यांचं लक्ष पाहुण्यांकडे असताना, अकरा जण सहलीला जातो असं सांगून जंगलात शिरले. त्यांत चार मुलं होती. एकवीस वर्षांच्या एका आईने तीन वर्षांचा मुलगा पाठीला बांधला होता. तिचा नवरा जोन्सच्या पहारेकऱ्यांत होता, त्याला तिने काही सांगितलं नाही. रेल्वेमार्गाच्या कडेने जात या मंडळींनी तीसेक मैलांवरचं मॅथ्यूज रिज गाठलं. विष वाटलं जाईल हे निघताना त्यांना माहीत नव्हतं. तिथे राहायचं नाही एवढंच ठरलेलं होतं, आणि ते ठरवण्याआधी कुणीतरी कुणाला तरी हळूच विचारलेलं होतं. त्या आईची आई, भाऊ, बहीण आणि नवरा त्या दिवशी गेले.

बाहेर असलेल्या नातेवाइकांनी याआधी वर्षभर जाहीर आरोप केले, निदर्शनं केली. त्यांचं दुःख खरं होतं आणि आरोपही खरे निघाले. पण आतल्या माणसाला ते जोन्सच्या तोंडूनच ऐकू येत : बघा, तुमचेच आईबाप शत्रूला मिळाले. गुरूला शिव्या घातल्या की आतला माणूस गुरूच्या आणखी जवळ सरकतो, हे ध्यानात ठेवावं लागतं.

तुमच्या घरातलं कोणी अशा नादी लागलं असेल, तर 'आता दारात येऊ नकोस' हे वाक्य रागाच्या भरातही उच्चारू नका. गुरूवर वाद घालू नका, तब्येत विचारा, सणाला बोलवा, नंबर बदलू नका. त्या व्यक्तीचं आधार कार्ड, पासबुक, प्रमाणपत्रं यांच्या प्रती घरात जपून ठेवा. मारहाण किंवा जबरदस्ती होत असेल तर मात्र वाट न पाहता पोलिसांत जा. आणि एरवी, वर्षभराने का होईना, फोन आला तर पहिल्या मिनिटाला 'आम्ही सांगत होतोच' म्हणू नका. कुठे आहेस ते विचारा आणि न्यायला जा.