आडवाटेच्या प्रवासासाठी फुल-साइज पिकअप ट्रक

फुल-साइज पिकअप ट्रक हा उत्तर अमेरिकेतील हलक्या मालवाहू वाहनांचा एक वर्ग आहे. पुढे बंद केबिन, मागे उघडा हौदा आणि दोन्हींखाली सामान्यतः स्वतंत्र पोलादी चॅसिस अशी त्याची रचना असते. शेती, बांधकाम आणि मालवाहतूक हे त्याचे मूळ उपयोग होत. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा येथे वाळवंटातील व डोंगरांतील कच्च्या रस्त्यांवरून अनेक दिवस प्रवास करून वाटेत तंबूत किंवा वाहनातच मुक्काम करण्यासाठीही तो वापरला जातो. अशा प्रवासाला ओव्हरलँडिंग असे नाव रूढ आहे. या उपयोगासाठी ट्रक निवडताना इंजिनाची शक्ती आणि टायरांचा आकार यांकडे प्रथम लक्ष जाते. प्रत्यक्षात निवडीवर सर्वांत मोठी मर्यादा भारवहन क्षमतेची असते.

वर्गवारी

या वाहनांची वर्गवारी पारंपरिक रीतीने अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन अशी केली जाते. अमेरिकी टन २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅमचा असतो. सुरुवातीच्या काळात ही नावे ट्रक किती माल वाहू शकतो यावरून पडली. आजचे ट्रक त्याहून बरेच अधिक वजन वाहतात, त्यामुळे ही नावे आता केवळ श्रेणीदर्शक उरली आहेत. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, जीएमसी सिएरा १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टुंड्रा हे अर्ध्या टनाच्या श्रेणीत मोडतात. फोर्ड एफ-२५० आणि रॅम २५०० हे पाऊण टनाच्या, तर फोर्ड एफ-३५० आणि रॅम ३५०० हे एक टनाच्या श्रेणीतील ट्रक होत.

महाराष्ट्रात ‘पिकअप’ हा शब्द सामान्यतः भाजीपाला व इतर माल वाहणाऱ्या छोट्या वाहनांसाठी वापरला जातो. भारतात विकले जाणारे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स हे पिकअप फुल-साइज वर्गापेक्षा लहान आहेत.

इतिहास

फोर्ड कंपनीने १९२५ साली मॉडेल टी मोटारीला कारखान्यातच हौदा जोडून विक्रीस आणले. दुसऱ्या महायुद्धात वापरलेल्या लष्करी ट्रकांच्या रचनेवर आधारलेला डॉज पॉवर वॅगन १९४६ सालचे मॉडेल म्हणून नागरिकांना उपलब्ध झाला. चारही चाकांना शक्ती देणारा हा ट्रक वनविभाग, खाणी आणि शेतीत वापरला गेला. फोर्डची एफ-मालिका १९४८ सालच्या मॉडेलपासून सुरू झाली, तर १९५९ सालापासून फोर्ड स्वतःच्या कारखान्यात फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप बनवू लागली. १९६४ पासून अमेरिकेत आयात हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात लागू झाली. या संरक्षणामुळे फुल-साइज पिकअपची बाजारपेठ प्रामुख्याने देशी उत्पादकांच्या हाती राहिली. २०१० सालच्या मॉडेलपासून आलेल्या एफ-१५० रॅप्टरने कारखान्यातूनच वाळवंटासाठी सज्ज होऊन येणाऱ्या ट्रकांचा एक वेगळा उपवर्ग लोकप्रिय केला.

भारवहन क्षमता

वाहनाचे स्वतःचे वजन, प्रवासी आणि सामान मिळून जे कमाल एकूण वजन उत्पादकाने ठरवून दिलेले असते, त्यातून इंधनासह रिकाम्या वाहनाचे वजन वजा केले की भारवहन क्षमता मिळते. प्रवाशांचे वजन याच क्षमतेत मोजले जाते. तसेच मागे ट्रेलर जोडल्यास त्याच्या दांड्याचा जो भार ट्रकवर पडतो, तोही यातच धरावा लागतो. हा भार सामान्यतः ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असतो.

जाहिरातीत दिलेली भारवहन क्षमता ही त्या मॉडेलच्या सर्वांत हलक्या रूपाची असते. उदाहरणार्थ, २०२१ सालच्या एफ-१५० ची कमाल क्षमता सुमारे १,५०० किलोग्रॅम होती. परंतु ती विशिष्ट इंजिन व विशिष्ट सामग्री असलेल्या साध्या ट्रकालाच लागू होती. मोठी केबिन, फोर-व्हील ड्राइव्ह, काचेचे छत आणि विजेवर हलणारी आसने यांचे वजन वाढत जाते, तशी क्षमता घटते. त्यामुळे एकाच नावाच्या दोन ट्रकांच्या क्षमतेत कित्येक शे किलोग्रॅमचा फरक असू शकतो. त्या विशिष्ट ट्रकासाठीचा आकडा चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवरील फलकावर छापलेला असतो. प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन किती मर्यादेत ठेवावे, हे त्यावर किलोग्रॅम आणि पौंडांत दिलेले असते. २००० साली अमेरिकेत सदोष टायरांमुळे झालेल्या अपघातांनंतर संसदेने कायदा केला आणि पुढे त्याखाली हे फलक अधिक स्पष्ट करण्यात आले.

आडवाटेसाठी खास बनवलेल्या ट्रकांची क्षमता बहुधा कमी असते. २०२१ पासूनच्या पिढीतील रॅप्टरची क्षमता सुमारे ६३५ किलोग्रॅम आहे. रॅम २५०० पॉवर वॅगन पाऊण टनाच्या श्रेणीत असूनही सुमारे ७०० किलोग्रॅमच वाहतो. त्याच श्रेणीतील साधा ट्रक याहून बरेच अधिक वजन नेतो. खडबडीत जमिनीवर चाके अधिक खालीवर व्हावीत म्हणून या ट्रकांच्या स्प्रिंगा मऊ ठेवलेल्या असतात आणि त्याची किंमत भारवहनात मोजावी लागते. म्हणजेच जो ट्रक खडकांवरून सर्वांत सहज जातो, तो मुक्कामाचे सामान सर्वांत कमी नेतो.

हिशेबाचे उदाहरण

फलकावर ७०० किलोग्रॅम क्षमता छापलेला एक ट्रक गृहीत धरल्यास, चार प्रौढांच्या काही दिवसांच्या प्रवासाचा हिशेब पुढीलप्रमाणे होऊ शकतो:

- चार प्रवासी: ३०० किलोग्रॅम
- हौद्यावरील फायबरचे आच्छादन: ९० किलोग्रॅम
- छतावरील घडीचा तंबू: ७० किलोग्रॅम
- ६० लिटर पाणी: ६० किलोग्रॅम
- छोटा फ्रिज आणि दुसरी बॅटरी: ५० किलोग्रॅम
- ४० लिटर जादा पेट्रोल: सुमारे ३० किलोग्रॅम
- अवजारे, दोर, जॅक आणि फावडे: ४० किलोग्रॅम
- अन्न, भांडी, कपडे आणि अंथरुणे: ८० किलोग्रॅम

ही बेरीज ७२० किलोग्रॅम होते. पोलादी बंपर आणि विंच बसवण्यापूर्वीच मर्यादा ओलांडली गेली आहे. हौदा अर्धा रिकामा दिसत असला तरी ट्रक पूर्ण भरलेला असतो, कारण हौद्याची जागा आणि ट्रकाची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेच चार प्रवासी दोनवर आणल्यास १५० किलोग्रॅम मोकळे होतात. म्हणून किती माणसे प्रवास करणार, हा प्रश्न ट्रकाच्या मॉडेलइतकाच महत्त्वाचा ठरतो.

जादा पाटे किंवा हवेच्या पिशव्या बसवल्यास ट्रकाची मागची बाजू खचत नाही. परंतु त्यामुळे कमाल अनुज्ञेय वजन वाढत नाही. ब्रेक, आस, चाके आणि चॅसिस पूर्वीचेच राहतात. अतिभारित ट्रकाला थांबण्यासाठी अधिक अंतर लागते, टायर तापतात आणि लांब उतारावर ब्रेक निकामी होण्याचा धोका वाढतो.

आकार आणि कोन

खडबडीत मार्गावरील वाहनाची क्षमता तीन कोनांनी सांगितली जाते. पुढचा बंपर न टेकता वाहन किती उभ्या चढाला भिडू शकते, हे प्रवेशकोन दाखवतो. मागचा भाग न घासता ते किती तीव्र उतारावरून सपाटीवर येऊ शकते, हे निर्गमनकोनावरून कळते. पोट न टेकता उंचवटा पार करण्याची क्षमता मध्यकोनावरून ठरते. मध्यकोन पुढील व मागील चाकांमधील अंतरावर अवलंबून असतो. मोठी केबिन व साडेपाच फुटी हौदा असलेल्या एफ-१५० मध्ये हे अंतर सुमारे ३.७ मीटर आहे, तर दोन दरवाज्यांच्या जीप रँग्लरमध्ये ते सुमारे २.५ मीटर आहे. त्यामुळे ग्राउंड क्लिअरन्स समान असला तरी लांब ट्रकाचे पोट लवकर टेकते.

हौदे साधारणपणे साडेपाच, साडेसहा आणि आठ फूट लांबीचे असतात. आठ फुटी हौद्यात आडवे झोपता येते आणि सामान भरपूर मावते. परंतु घाटातील तीव्र वळणावर असा ट्रक पुढेमागे घेत वळवावा लागतो. रुंदीचीही मर्यादा असते. आरसे सोडून एफ-१५० सुमारे २.०३ मीटर, तर रॅप्टर सुमारे २.२ मीटर रुंद आहे. अमेरिकेत ८० इंच किंवा त्याहून अधिक रुंद वाहनांना पुढे पिवळसर दिवे बंधनकारक असल्याने रॅप्टरच्या जाळीत असे तीन दिवे दिसतात. झाडांमधून किंवा खडकांमधून जाणाऱ्या अरुंद वाटांवर ही रुंदी अडचणीची ठरते.

चालनव्यवस्था, सस्पेंशन आणि टायर

बहुतेक फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये नेहमीच्या गतीसाठी एक आणि अतिमंद गतीसाठी एक असे दोन गिअर-टप्पे असतात. मंद टप्प्यात चाकांवरील जोर वाढतो आणि उतारावर इंजिनच गाडीला रोखून धरते, त्यामुळे ब्रेकवरील ताण कमी होतो. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेल्यास शक्ती त्याच चाकाकडे वळून वाया जाते. लॉक होणारे डिफरन्शियल दोन्ही चाके एकत्र फिरवते. बहुतेक मार्गांसाठी मागील आसावरील असे एक डिफरन्शियल पुरेसे असते. पॉवर वॅगनमध्ये ते दोन्ही आसांवर मिळते.

पाट्यांची मागील रचना साधी, स्वस्त आणि भार पेलणारी असते. वेटोळ्या स्प्रिंगांची रचना खडबडीत रस्त्यावर अधिक आरामदायी असते. रॅम १५०० मध्ये आणि २०२२ पासूनच्या टुंड्रामध्ये मागे वेटोळ्या स्प्रिंगा आहेत.

टायरांत हवा कमी केल्यास त्यांचा जमिनीशी संपर्क वाढतो, त्यामुळे वाळूत ते कमी रुततात आणि खडबडीत रस्त्यावर धक्के कमी बसतात. मात्र हवा कमी असलेल्या टायरची भार पेलण्याची क्षमताही घटते. म्हणून गती कमी ठेवणे आणि डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरणे आवश्यक असते. त्यासाठी हवेचा पंप सोबत बाळगला जातो. मूळ आकारापेक्षा बरेच मोठे टायर बसवल्यास ग्राउंड क्लिअरन्स वाढतो. परंतु इंधनाचा वापर आणि ब्रेकवरील ताणही वाढतो. स्टेपनी त्याच आकाराची हवी.

इंजिन आणि इंधन

समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीला टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती सुमारे दहा टक्क्यांनी घटते. कोलोराडोतील सॅन वान पर्वतांत कच्चे रस्ते ३,८०० मीटरहून अधिक उंचीवर जातात. तेथे टर्बो इंजिनाचा लाभ जाणवतो. पाऊण टनापासून पुढे मिळणारी मोठी डिझेल इंजिने जड ट्रेलर ओढण्यास योग्य असतात; परंतु त्यांचे स्वतःचे वजन अधिक असल्याने तेवढी भारवहन क्षमता कमी होते. २०२१ पासून एफ-१५० च्या संकरित आवृत्तीतून ७.२ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर घेता येते. ती घेतल्यास स्वयंपाक व प्रकाशासाठी वेगळा जनित्र न्यावा लागत नाही.

मुक्कामाची व्यवस्था

मुक्कामाचे चार मुख्य प्रकार आढळतात. जमिनीवरील तंबू सर्वांत हलका आणि स्वस्त असतो. हौद्यावर आच्छादन बसवून आत झोपल्यास पाऊस व वाऱ्यापासून संरक्षण मिळते. छतावरील किंवा हौद्यावरील घडीचा तंबू लवकर उघडतो, पण वजन उंचावर गेल्याने गाडी अधिक डोलते. चौथा प्रकार म्हणजे हौद्यात सरकवून बसवायची खोली. तीत बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी असते. तिच्या भरलेल्या अवस्थेतील वजनासाठी अनेकदा पाऊण किंवा एक टनाचा ट्रक लागतो. अशा खोलीचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या पुढे यावा लागतो. अन्यथा पुढची चाके हलकी होऊन सुकाणूवरील नियंत्रण कमी होते. बंद आच्छादनात झोपताना इंजिन चालू ठेवणे किंवा शेगडी पेटती ठेवणे कार्बन मोनॉक्साइडमुळे प्राणघातक ठरू शकते.

मार्गानुसार निवड

यूटा राज्यातील कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातील व्हाइट रिम रोड हा सुमारे १६० किलोमीटरचा मार्ग आहे. त्यासाठी परवाना घ्यावा लागतो आणि मंद गिअर-टप्पा असलेले, उंच फोर-व्हील ड्राइव्ह वाहन आवश्यक असते. वाटेत पिण्याचे पाणी मिळत नाही. माणशी दररोज एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर पाणी धरल्यास चार जणांना तीन दिवसांसाठी सुमारे ४५ लिटर पाणी न्यावे लागते. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीमध्ये रेसट्रॅककडे जाणारा सुमारे ४३ किलोमीटरचा रस्ता चढउतारांपेक्षा धारदार दगडांसाठी ओळखला जातो. तेथे विंचपेक्षा जाड टायर आणि चांगली स्टेपनी अधिक उपयोगी पडते. अलास्कातील ६६६ किलोमीटरच्या डाल्टन महामार्गावर कोल्डफूट ते डेडहॉर्स या सुमारे ३८५ किलोमीटरच्या टप्प्यात इंधन मिळत नाही. तेथे टाकीची क्षमता निर्णायक ठरते. याउलट कॅलिफोर्नियातील रुबिकॉन ट्रेलसारख्या अरुंद, खडकाळ वाटेसाठी फुल-साइज ट्रक सहसा अयोग्य ठरतो.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. प्रथम मार्ग, प्रवाशांची संख्या आणि मुक्कामाचे दिवस निश्चित करून सामानाचे वजन काढले जाते. त्यानंतर ते वजन पेलणारी श्रेणी, हौद्याची लांबी, चालनव्यवस्था आणि शेवटी इंजिन निवडले जाते. वापरलेला ट्रक घेताना दरवाज्यावरील फलक पाहणे आणि आधीच्या मालकाने बसवलेल्या बंपर, रॅक यांसारख्या वस्तूंचे वजन त्यातून वजा करणे आवश्यक असते. सामान भरल्यानंतर वजनकाट्यावर पुढील व मागील आसांचे वजन स्वतंत्रपणे तपासल्यास ट्रक मर्यादेत आहे की नाही, हे प्रवासापूर्वीच स्पष्ट होते.