मे महिन्यात भावंडं जमली की एक दिवस चिखलाचा ठेवा!

मे महिना लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत पावण्यांची वर्दळ वाढते. कुणी पुण्याहून येतं, कुणी फोंड्याहून, कुणी थेट इंदूर नाहीतर हैदराबादहून. आजोळच्या एका छपराखाली तीन-चार राज्यांत वाढणारी आठ-दहा पोरं जमतात. पहिला दिवस नवलाईत जातो. दुसऱ्या दिवसापासून मात्र चित्र ठरलेलं असतं. एक जण झोपाळ्यावर मोबाइल घेऊन, दुसरा माडीवर, तिसरा चार्जरच्या वायरीला चिकटून. एकाची शाळा कन्नड, दुसऱ्याची इंग्रजी, तिसऱ्याच्या मराठीला हिंदीचं वळण. एकमेकांची भाषा कळते, पण बोलायला सुरुवात कुणी करायची, असा अवघडलेपणा असतो.

आज्जी-आजोबांना याचंच जास्त वाईट वाटतं. वर्षातून एकदा पोरं एकत्र येतात आणि अनोळखी प्रवाशांसारखी एका खोलीत बसून परत जातात.

यावर एक स्वस्त आणि हमखास उपाय आहे. एक दिवस ठरवून सगळ्यांना परड्यात उतरवायचं आणि माती, पाणी, रंग यांत मनसोक्त मळू द्यायचं. खेळात फार बोलावं लागत नाही, आणि बोलावं लागतं तेव्हा ओरडूनच बोलावं लागतं. अवघडलेपणा तिथेच संपतो. मात्र मेमधलं ऊन, पाण्याची टंचाई आणि घरातल्या बायकांवर पडणारं आवरण्याचं काम यांचा विचार आधी करायला हवा.

दिवस कुठला, वेळ कुठली?

सगळी भावंडं एकत्र सापडणं हेच पहिलं अवघड काम. प्रत्येक राज्याचं शाळेचं वेळापत्रक वेगळं. कर्नाटकात सुट्टी साधारण १० एप्रिलनंतर लागते आणि मेअखेरीस शाळा पुन्हा भरतात. तेलंगणात एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुट्टी असते. महाराष्ट्रात ती मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत चालते, मध्य प्रदेशात जवळपास तशीच. गुजरातची उन्हाळी सुट्टी सुमारे ३५ दिवसांची. गोव्यात २०२५ मध्ये वरच्या वर्गांचं नवं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं, त्यामुळे तिथल्या पोरांनाही खरी मोकळीक मेमध्येच. थोडक्यात, सगळ्यांना जमेल असे दिवस १० ते २५ मेच्या आसपासचेच. लग्नाचे मुहूर्तही त्यातच येतात, म्हणून तारीख एप्रिलमध्येच ठरवलेली बरी.

वेळेबाबत एकच नियम पाळावा. सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळात कुणी मैदानात उतरायचं नाही. बेळगावची हवा त्यातल्या त्यात थंड, त्यामुळे इथे सकाळी ७ ते १० किंवा संध्याकाळी साडेचारनंतर खेळता येतं. ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा, हैदराबाद इथे हाच बेत करायचा तर सकाळी ६ ते साडेआठ हीच वेळ खरी.

सीमाभागात मेमध्ये संध्याकाळी वळवाचा पाऊस येतो. पोरांना तो हवाच असतो, पण वळवाबरोबर वीज येते. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवून सगळ्यांनी पक्क्या घरात जावं. आंब्याखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली थांबू नये. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्यावरच पुन्हा बाहेर यावं. सकाळची वेळ निवडली तर ही काळजी बहुतेक उरत नाही.

जागा आणि माती

परडं असेल तर उत्तम, नसेल तर गावाकडचं खळं किंवा नांगरून ठेवलेला वाफा चालतो. गोठ्याजवळची, गटाराकाठची किंवा साचलेल्या पाण्याची जागा मात्र घेऊ नये. जनावरांच्या आणि उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून होतो आणि अंगावर जखम असेल तर धोका वाढतो. आदल्या दिवशी एका मोठ्या माणसाने चप्पल घालून सगळी जागा फिरून काच, खिळे, बाभळीचे काटे वेचावेत. लगोरीसाठी कौलांचे तुकडे किंवा दगड उचलताना काठीने उलटून बघावेत. उन्हाळ्यात त्यांच्याखाली विंचू बसलेला असतो.

चिखलासाठी दहा फूट लांब, सहा फूट रुंद जागा पुरते. चार बोटं खोल माती मोकळी करून खडे काढायचे आणि आठ-दहा बादल्या पाणी मुरवायचं. यळ्ळूर, वडगावकडची काळी माती चिकट, ती अंगाला धरते आणि फार घसरते. खानापूरकडची लाल माती सुटी, पण कपड्यांवर डाग सोडते. तालमीत लाल मातीत ताक, तेल, हळद घालून ती मऊ करतात. पोरांच्या खेळाला एवढं करायची गरज नाही, पण माती चाळून घ्यायची तालमीतली सवय उचलण्यासारखी आहे.

रेघा मारायला चुना वापरू नये. ओल्या हाताने तो डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो. रांगोळी किंवा लाकडाची राख पुरते.

पाणी मोजून

मेमध्ये शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत असताना पाइप सोडून खेळणं शेजाऱ्यांनाही रुचणार नाही. प्रत्येक संघाला मोजून पाच बादल्या द्याव्यात. संपल्या की संपल्या. पाणी मोजकं असलं की ते कसं वापरायचं याची पोरंच शक्कल काढतात. चिखलाची जागा आंबा, नारळ किंवा केळीच्या आळ्याजवळ धरली तर सांडलेलं पाणी झाडालाच मिळतं.

पाण्याचे फुगे टाळलेले बरे. फुटलेल्या रबराचे तुकडे वेचून संपत नाहीत आणि कोंबड्या, वासरं ते गिळतात. त्याऐवजी भांडी घासायच्या स्पंजाच्या पट्ट्या कापून मध्ये दोऱ्याने घट्ट बांधल्या की भिजणारा चेंडू तयार होतो. तो लागला तरी दुखत नाही.

खेळ कुठले?

नव्या खेळांची गरजच नाही. जुनेच खेळ ओल्या मातीत आणले की पुरे.

लगोरी: सात चपटे दगड चिखलाच्या मधोमध रचायचे आणि चेंडू स्पंजाचा घ्यायचा. ओल्या हातांनी लगोरी पुन्हा रचणं कठीण जातं, त्यामुळे डाव रंगतो.

डोंगर-पाणी: विटा, पायऱ्या, ओटा हा डोंगर आणि चिखल हे खरोखरचं पाणी. राज्य असलेल्याने 'पाणी' पुकारलं की सगळ्यांना चिखलात उतरावं लागतं. अंग मळू न देणारी पोरं इथे आपोआप मळतात.

बादली भरणी: दोन ओळी करायच्या. पुढच्याने स्पंज भिजवून मागच्याकडे द्यायचा, शेवटच्याने तो रिकाम्या बादलीत पिळायचा. ज्या संघाची बादली जास्त भरेल तो जिंकला.

रस्सीखेच: मध्ये चिखल, दोन्ही बाजूंना कोरडी जमीन. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, हे आधीच बजावावं.

आमरसाची वाटी: हात मागे धरून फक्त तोंडाने वाटी साफ करायची. कलिंगडाची फोडही चालते.

विटी-दांडू मात्र चिखलात नको. ओला दांडू हातातून सुटतो. तो शेवटी कोरड्या जागेत, लहानांना लांब उभं करून खेळावा. या खेळात एक गंमतही आहे. मराठी मुलुखात विटी-दांडूचे डाव 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे मोजतात. तेलुगूत एक ते चार म्हणजे ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. हैदराबादहून आलेल्या भावंडाला हे आकडे लगेच ओळखू येतील आणि कन्नड शाळेतल्याला निदान 'नाल' ऐकून 'नाल्कू' आठवेल. आज्जीने हे आकडे म्हणावेत आणि पोरांनी ओळखावेत, हाही एक खेळच होतो.

नियम आधी ठरवा

खरी भांडणं नियमांवरून होतात. इथली लगोरी इंदूरला सितोलिया असते, गुजरातेत सातोडियुं. नाव बदललं की नियमही थोडे बदलतात. चेंडू पायाला लागला तर बाद की नाही, झेल घेतला तर काय, हे खेळाआधी दहा मिनिटं बसून पोरांनाच ठरवू द्यावं. याच चर्चेत ती पहिल्यांदा मोकळी बोलतात. गडी, राज्य, बाद, डाव हे शब्दही तिथेच रुळतात.

संघ पाडताना 'गोवा विरुद्ध बेळगाव' किंवा 'मामाची पोरं विरुद्ध मावशीची पोरं' असं करू नये. चिठ्ठ्या टाकाव्यात. सहा वर्षांखालच्यांना लिंबू-टिंबू करावं, म्हणजे ते खेळतात पण बाद होत नाहीत. ज्याला खेळायचंच नाही त्याला ओढून चिखलात टाकू नये, गुण मोजायचं काम द्यावं. बहुतेक जण अर्ध्या तासात स्वतःहून उतरतात.

मोठ्यांपैकी कुणीतरी आधी मळणं मात्र गरजेचं. मामा किंवा आत्या चिखलात घसरून पडली की शहरातल्या पोरांची भीड चेपते.

अंगाला तेल, पोटात पन्हं

गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढात चिखलकाला होतो. तिथे अंगाला तेल लावून चिखलात उतरतात. तीच रीत इथे पाळावी. हातापायांना खोबरेल तेल लावलं की माती पटकन सुटते. नखं कापलेली असावीत, अंगठ्या आणि साखळ्या काढलेल्या असाव्यात.

दर वीस मिनिटांनी खेळ थांबवून सावलीत पन्हं, ताक किंवा कोकम सरबत द्यावं. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जलसंजीवनीचं प्रमाण. पोर गळून गेलं, डोकं दुखतं किंवा मळमळतं म्हणालं तर सावलीत निजवून अंग ओल्या कपड्याने पुसावं. बरळायला लागलं, शुद्ध हरपली किंवा अंग तापून घाम थांबला तर उष्माघात समजून अंग गार करत करतच दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगणातही चालतो.

आवराआवर सगळ्यांची

खेळ पोरांनी करायचा आणि धुणं आईने-मामीने, असं झालं तर पुढच्या वर्षी कुणी परवानगी देणार नाही. म्हणून जेवणही साधंच ठेवावं. आदल्या दिवशी केलेल्या दशम्या, शेंगाचटणी आणि दहीभात पुरतो.

पहिली अंघोळ परड्यातच, झाडाच्या आळ्यात, बिनसाबणाच्या पाण्याने. माती मोरीत गेली की सुकून नळी तुंबते. चिखलाचे कपडे लगेच चोळू नयेत. वाळू द्यावेत, झटकावेत आणि मग गार पाण्यात भिजवावेत. हळदीचा रंग वापरला असेल तर साबण लावताच डाग लाल होतो, घाबरू नये. धुऊन कडक उन्हात टाकला की तो फिका पडतो. हे सगळं पोरांनी करायचं, दोघा-दोघांच्या जोड्या लावून.

संध्याकाळी मोबाइल परत हातात येतीलच, त्यावरून वाद घालायची गरज नाही. पण त्या रात्री अंथरुणं एकाच खोलीत पडतात आणि कोण कसा घसरला याची चर्चा उशिरापर्यंत चालते. निघायच्या दिवशी लगोरीचे सात दगड धुऊन माळ्यावर ठेवावेत आणि कुठे ठेवलेत हे सगळ्या पोरांना दाखवावं. पुढच्या मेमध्ये शोधायला लागू नयेत.