हर्नडनच्या मोरीतून निघालेले पाणी

वॉशिंग्टनला जाणारा परदेशी प्रवासी बहुधा डलेस विमानतळावर उतरतो. तेथून थोड्याच अंतरावर हर्नडन हे छोटे शहर आहे. राज्य व्हर्जिनिया, काउंटी फेअरफॅक्स. 2020 च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती 24 हजारांच्या वर. पूर्वी येथे दूधदुभत्याचा धंदा चाले आणि दूध आगगाडीने वॉशिंग्टनला जाई. आता संगणकाच्या कंपन्या आहेत आणि भारतीय वंशाची पुष्कळ कुटुंबे तेथे राहतात. गावाला नाव मिळाले ते एका बोटीच्या कप्तानावरून. 1857 मध्ये ‘सेंट्रल अमेरिका’ ही बोट वादळात सापडली. तेव्हा कप्तान विल्यम लुईस हर्नडन यांनी बायकामुलांना होड्यांत उतरवून दिले आणि स्वतः बोटीबरोबर तळाला गेले. आपण समुद्राने वेढलेली माणसे, म्हणून ही हकिकत येथे सांगाविशी वाटली.

पण आजचा विषय समुद्राचा नाही, सांडपाण्याचा आहे. विषय ऐकून कोणी नाक मुरडू नये. ज्या पाण्याने आपण भांडी घासतो ते मोरीतून पुढे कोठे जाते आणि त्याच्या शुद्धीचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न हर्नडनच्या गृहिणीला जितका लागू आहे तितकाच व्हाक्वा किंवा कास्काव्हेलच्या गृहिणीलाही आहे.

हर्नडनमध्ये रस्त्याखालच्या वाहिन्या गावाच्या स्वतःच्या मालकीच्या आहेत. शुद्धीकरण केंद्र मात्र गावाला नाही. इतक्या लहान गावाने स्वतंत्र केंद्र चालवणे परवडणारेही नाही. म्हणून गाव आपले सांडपाणी फेअरफॅक्स काउंटीच्या स्वाधीन करते. काउंटीच्या या उत्तर भागातून पोटोमॅक इंटरसेप्टर ही प्रचंड वाहिनी जाते. डलेस विमानतळ बांधायचे ठरले तेव्हा त्याची घाण पोटोमॅक नदीत जाऊ नये म्हणून अमेरिकन काँग्रेसने 1960 मध्ये तिला मंजुरी दिली. सुमारे 50 मैल लांबीची ही वाहिनी नदी ओलांडून मेरीलँडच्या काठाने वॉशिंग्टनकडे जाते आणि दररोज सुमारे 6 कोटी गॅलन सांडपाणी वाहून नेते. शेवट होतो तो राजधानीच्या ब्लू प्लेन्स या केंद्रात. 1938 मध्ये सुरू झालेले हे केंद्र आज जगातल्या सर्वांत मोठ्या आधुनिक शुद्धीकरण केंद्रांत गणले जाते. राजधानी, मेरीलँड आणि व्हर्जिनिया अशा तीन सरकारांच्या हद्दींतले पाणी तेथे एकत्र येते आणि प्रत्येकाने आपापल्या वाट्याचा खर्च द्यायचा असतो.

जानेवारी 2026 मध्ये मेरीलँडच्या हद्दीत ही वाहिनी एका ठिकाणी कोसळली आणि कोट्यवधी गॅलन कच्चे सांडपाणी पोटोमॅकमध्ये गेले. साठ वर्षांपूर्वी जमिनीत पुरलेला नळ! तो कोणाच्या नजरेस पडत नाही, त्याच्या नावाने कोणी मते मागत नाही, आणि तो फुटेपर्यंत त्याच्यावर पैसा खर्च करावा असे कोणाला सुचत नाही.

पैशाची गोष्ट निघालीच आहे, तर जरा मागे जावे लागेल. 1960 नंतरच्या दशकात पोटोमॅकची दशा अशी होती की राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तिला देशाची लाज म्हटले होते. उन्हाळ्यात नदीवर हिरवट शेवाळाचा थर चढे. 1972 मध्ये काँग्रेसने जलप्रदूषणाविरुद्ध कडक कायदा केला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी खर्च फार होतो म्हणून तो नाकारला. काँग्रेसने त्यांचा नकार बाजूला सारून तो मंजूर केला. या कायद्याने शुद्धीकरण केंद्र बांधणाऱ्या नगरपालिकेला खर्चाचे शंभरातले 75 डॉलर केंद्र सरकार देऊ लागले. पुढे हा वाटा 55 वर आला.

फेअरफॅक्सच्या दक्षिणेला असलेल्या ऑकोक्वान जलाशयाची गोष्ट याच काळातली. हा जलाशय पिण्याच्या पाण्याचा, आणि त्याच्या वरच्या अंगाला वाढत्या वस्त्यांची 11 लहान लहान केंद्रे अर्धवट शुद्ध केलेले पाणी सोडत होती. 1971 मध्ये राज्याच्या जल नियंत्रण मंडळाने धोरण ठरवले की ही सर्व बंद करून एकच उत्तम केंद्र उभारावे. ते 1978 मध्ये चालू झाले. त्याचे शुद्ध केलेले पाणी पुन्हा त्याच जलाशयात येते आणि लोक ते पितात. आपल्याकडे हे ऐकून पुष्कळांना शिसारी येईल. तेथे मात्र ही व्यवस्था जवळजवळ पन्नास वर्षे चालू आहे, आणि आज जगभरचे अभियंते तिचा अभ्यास करतात.

अनुदानाचा एक दोष असा की तो पैसा एकदा दिला की संपला. ज्या गावाने अर्ज करून तो आधी मिळवला त्याचे काम झाले; मागून येणाऱ्याने पुन्हा केंद्र सरकारच्या दारात उभे राहायचे. 1987 मध्ये काँग्रेसने कायदा बदलला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीही निक्सन यांच्याप्रमाणे तो नाकारला आणि काँग्रेसने त्यांचाही नकार बाजूला सारला. आता केंद्र सरकारने पैसा गावाला न देता राज्याला द्यायचा, राज्याने दर शंभर डॉलरमागे आपले 20 घालायचे, आणि त्या निधीतून नगरपालिकांना स्वस्त कर्ज द्यायचे. गाव फेड करील तसा पैसा त्याच निधीत परत येईल आणि पुढच्या गावाला मिळेल. आपल्या आयाबहिणी भिशी लावतात, तिच्यात पैसा जसा घराघरांतून फिरतो तसाच काहीसा हा प्रकार. फरक इतकाच की भिशी संपते. हा निधी संपू नये अशीच त्याची रचना आहे.

व्हर्जिनियाने असा फिरता निधी 1986 मध्येच कायद्याने उभा केला होता. त्याचे काम दोघांत वाटलेले आहे. कोणते काम नदीच्या दृष्टीने अधिक निकडीचे, आराखडा योग्य आहे की नाही, हे राज्याचा पर्यावरण विभाग पाहतो आणि मंजुरी जल नियंत्रण मंडळ देते. गावाची फेडीची ऐपत तपासणे, कागद करणे, हप्ते वसूल करणे हे व्हर्जिनिया रिसोर्सेस ऑथॉरिटी या 1984 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे आहे. सगळी रक्कम आधी हातात मिळत नाही. काम होईल तसतशी बिले दाखवून पैसे घ्यायचे. फेड सुरू होते ती बांधकाम पुरे झाल्यावर. मुदत पूर्वी 20 वर्षांपर्यंत होती, 2014 पासून कायद्याने 30 वर्षांपर्यंत मुभा आहे. व्याज बाजारापेक्षा कमी, आणि अगदी हलाखीच्या गावांना बिनव्याजीसुद्धा.

व्याजात एक-दोन टक्क्यांनी काय होते, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहावा. समजा एका गावाने 1 कोटी डॉलर 20 वर्षांसाठी घेतले. व्याज शेकडा 4 असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे 7 लाख 36 हजार पडतो. शेकडा 2 असेल तर सुमारे 6 लाख 12 हजार. वीस वर्षांत फरक होतो जवळजवळ 25 लाखांचा, म्हणजे मूळ कर्जाच्या चौथ्या हिश्श्याचा. हा पैसा कोणा खजिन्यातून येत नाही, तो घरोघरच्या सांडपाण्याच्या बिलातून येतो. विधवा बाईचे बिल आणि कंपनीच्या मॅनेजराचे बिल एकाच दराने निघते, हे येथे लक्षात घ्यावे.

मोठ्या कामांना या निधीचा किती आधार होतो हे हर्नडनपासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या अलेक्झांड्रिया शहरात दिसते. तेथील जुन्या भागात पावसाचे पाणी आणि मैला एकाच नळातून वाहत असे. जोराचा पाऊस झाला की नळ भरे आणि सर्व मिश्रण नदीत जाई. राज्य विधिमंडळाने 2017 मध्ये कायदा करून शहराला मुदत घालून दिली. मग जमिनीखाली 2 मैलांहून लांब आणि 12 फूट व्यासाचा बोगदा खोदण्यात आला. या खर्चात राज्याच्या फिरत्या निधीचे मोठे कर्ज आहे.

आता पुन्हा हर्नडनकडे वळू. मोरीचे पाणी नळाने ब्लू प्लेन्सला गेले, पण अंगणातले, रस्त्यावरचे, मोटारी उभ्या करण्याच्या जागेवरचे पावसाचे पाणी कोठे जाते? ते कोठल्याही केंद्रात जात नाही. ते शुगरलँड रन या ओढ्यात जाते. साखरेच्या बेटावरच्या वाचकांनी ऊस डोळ्यांपुढे आणू नये. तेथे साखर मिळे ती मेपलच्या झाडाच्या रसापासून. गावात शेते होती तोवर पाऊस जमिनीत मुरे. डांबर आणि सिमेंट वाढले तसा ओढा पावसात फुगून काठ खरवडू लागला, आणि माती, तेल, खते घेऊन पोटोमॅकला मिळू लागला.

आणि हर्नडन पाणी पिते कोठले? त्याच पोटोमॅकचे! फेअरफॅक्स वॉटर ही संस्था गावाला पाणी विकते, आणि तिचे कोर्बालिस हे जलशुद्धीकरण केंद्र हर्नडनच्याच लगत आहे. नदीच्या व्हर्जिनियाकडील काठाचे पाणी गाळाने इतके गढूळ होऊ लागले की 1996 मध्ये संस्थेने काठापासून 725 फूट आत, नदीच्या मध्याकडे नळ टाकण्याची परवानगी मागितली. पण नदीचे पात्र जुन्या सनदेप्रमाणे मेरीलँडचे. मेरीलँडने विरोध केला. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर 2003 मध्ये निकाल व्हर्जिनियाच्या बाजूने लागला. 12 लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न होता. माझ्या मते या खटल्यात खरा प्रतिवादी मेरीलँड नव्हताच. काठावरच्या गावांतली गढूळ पावसाळी गटारे हाच खरा प्रतिवादी होता, पण त्याला कोर्टात उभे करता येत नाही.

म्हणूनच पुढे केवळ शुद्धीकरण केंद्रांसाठी असलेल्या या मदतीचे दार पावसाच्या पाण्याच्या कामांनाही उघडले. 2010 च्या अखेरीस केंद्र सरकारने चेसापीक उपसागरासाठी नायट्रोजन, फॉस्फरस आणि गाळ यांची मर्यादा ठरवून दिली. पोटोमॅक या उपसागराला मिळते, तेव्हा हर्नडनसारख्या गावांनाही आपल्या ओढ्याचा हिशेब द्यावा लागू लागला. 2013 मध्ये व्हर्जिनियाने अशा कामांसाठी वेगळा निधी काढला. त्यात निम्मा खर्च राज्य देते, निम्मा गावाने घालायचा. गावाचा निम्मा वाटा तरी कोठून आणायचा? कित्येकदा कर्जच काढावे लागते.

या सर्व व्यवस्थेची मी स्तुतीच करीत आहे असे मात्र कोणी समजू नये. हर्नडन सुखवस्तू आहे, ते हप्ता भरील. व्हर्जिनियाच्याच नैर्ऋत्य टोकाला कोळशाच्या खाणींचा डोंगराळ मुलूख आहे. खाणी बसल्या, तरुण निघून गेले, आणि कित्येक घरांचा मैला आजही साध्या नळाने थेट ओढ्यात पडतो. अशा वस्तीला कर्ज कितीही स्वस्त दिले तरी ते कर्जच. फेडायला घरेच उरलेली नाहीत. नोव्हेंबर 2021 च्या कायद्याने केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी या निधींत 11 अब्ज 70 कोटी डॉलरची भर घातली आणि जवळजवळ निम्मी रक्कम माफीच्या किंवा अनुदानाच्या रूपाने द्यावी असे ठरवले. म्हणजे ज्या अनुदानाला 1987 मध्ये निरोप दिला, त्यालाच गरिबांसाठी पुन्हा बोलवावे लागले. दुसरीकडे काँग्रेसचे सभासद 2022 पासून याच पैशातून आपापल्या मतदारसंघांतली कामे परस्पर काढून घेऊ लागले आहेत, आणि 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अंदाजपत्रकात या निधींना फार मोठी कात्री सुचवली गेली. त्यातही एक दिलासा आहे: केंद्राची भर उद्या आटली तरी आधी दिलेल्या कर्जांचे हप्ते येतच राहतात.

आपल्या मॉरिशसमध्ये बहुसंख्य घरे अजून सेप्टिक टाकीवर आणि शोषखड्ड्यावर आहेत. आपल्या पिण्याच्या पाण्यापैकी सुमारे निम्मे जमिनीखालून उपसले जाते. क्युरपिप किंवा व्हाक्वाच्या खड्ड्यात जे मुरते ते कोठे जात असेल, याचा विचार वाचकांनी स्वतःच करावा. सांडपाण्यासाठी 2000 च्या कायद्याने वेगळे प्राधिकरण स्थापन झाले, सेंट मार्टिनसारखी केंद्रे उभी राहिली, प्लेन विल्हेम्समधल्या वस्त्या नळाने जोडण्याचे काम निघाले. त्यासाठीही कर्जे काढली गेली, पुष्कळशी युरोपातून.

व्हर्जिनियातला एखादा गावकरी सांडपाण्याचे बिल भरतो तेव्हा गावाचा हप्ता रिचमंडला जातो, आणि काही काळाने त्याच पैशातून नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या एखाद्या गावाचा नळ बदलला जातो. आपण भरतो तेव्हा हप्ता पॅरिसला किंवा लक्झेंबर्गला जातो.