नाकाला चकवणारा वायू

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधल्या किंवा बदलापूरच्या वालिवलीतल्या डम्पिंगजवळ राहणाऱ्यांना वाऱ्याची दिशा हवामान खात्याने सांगावी लागत नाही. ती कचऱ्याच्या वासावरूनच कळते. पण तो वास सुरू होतो आपल्याच ओट्यावर. रात्रीचा उरलेला भात, आमटीचा गाळ, बोंबलाची डोकी, सगळं एका पिशवीत कोंबून आपण गाठ मारतो. आतला ऑक्सिजन जिवाणू संपवतात आणि मग हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं फावतं. प्रथिनांतल्या गंधकापासून ते हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. हवेत त्याचा अंश अगदी नगण्य असला तरी नाक मुरडतं. मासळीचा दर्प अमाइन्सचा, आंबूस वास आम्लांचा.

खरी गोम पुढेच आहे. कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात तयार होणाऱ्या मिथेनला वासच नसतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, डम्पिंगला लागलेल्या आगीतही तेल ओततो. आपण ओरडतो वासाच्या नावाने, आणि मोठा गुन्हेगार नामानिराळा!

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालानुसार भारतीय घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न कचऱ्यात जातं, साली-हाडं धरून. त्यावर फिनेल शिंपडणं म्हणजे निव्वळ भाबडेपणा. खरकट्यातलं पाणी निथळा, खत करणार असाल तर सुका पालापाचोळा मिसळून हवा खेळती ठेवा. मग मिथेन फारसा होत नाही. ते जमत नसेल तर घंटागाडीत ओला कचरा वेगळा द्या, आणि उद्या भात वाटीभर कमी लावा.